गाडी खाली केल्यावर पुढचे टायर आतून का खाल्ले जातात?

आधी तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात मांडतो. पुढं मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागं मल्टिलिंक (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरलेलं) असलेल्या हॅचबॅकला लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी साधारण ४० मिमी खाली केली. त्यानंतर तीन वेळा अलाइनमेंट झाली, तिन्ही वेळा पुढचा टो (वरून पाहिलं तर चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलीत ते) मशिनच्या हिरव्या पट्ट्यात, म्हणजे कंपनीच्या मर्यादेत, आला. तरी पाच हजार किलोमीटरच्या आत पुढच्या दोन्ही टायरची आतली कड तारेपर्यंत गेली. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडं वाकडं राहतं, हात सैल सोडला की गाडी हळूहळू उजवीकडं जाते, आणि उंचसखल रस्त्यावर ती आपल्या मनानं दिशा बदलते. मेकॅनिक म्हणतो, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा झुकाव; उणे म्हणजे वरून आत) फार झालाय, कॅम्बर बोल्ट (फिरवून तो झुकाव कमीजास्त करता येणारा बोल्ट) टाकू. टाकावेत का?

अजून टाकू नका. आणि त्याआधी एक गोष्ट: तार दिसणारे टायर आजच उतरवा. तार उघडी पडलेला टायर वेगात फुटू शकतो. शिवाय तसल्या टायरवर केलेल्या अलाइनमेंटवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कारण तिरका झिजलेला टायर स्वतःच गाडी एका बाजूला ओढतो.

आता तुमच्या अलाइनमेंटच्या मापांची प्रिंट. पुढचा कॅम्बर डावा उणे १.७ अंश, उजवा उणे १.२ अंश. पुढचा एकूण टो ०.१० अंश आत. मागचा टो डावा ०.१० अंश आत आणि उजवा ०.६० अंश आत. मागचे आकडे तिन्ही प्रिंटवर लाल आहेत, आणि ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन्ही रकान्यांत तेच आहेत. म्हणजे तिन्ही वेळा मागच्या बोल्टला कोणी पाना लावलेलाच नाही. कॅस्टर (बाजूनं दिसणारा स्टिअरिंगच्या अक्षाचा झुकाव) आणि एसएआय (तोच झुकाव समोरून) यांचे रकाने रिकामे आहेत, म्हणजे स्टिअरिंग दोन्हीकडं वळवून मोजायचं ते मापही घेतलेलं नाही. चारही चाकांची उंची कुठंच नाही. थोडक्यात, तुमची अलाइनमेंट तीनदा झाली असं म्हणण्यापेक्षा पुढचा टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी) तीनदा फिरवला गेला, एवढंच म्हणता येईल.

कॅम्बरवर खापर का फुटतं ते समजण्यासारखं आहे. खाली केलेल्या गाडीकडं समोरून पाहिलं की चाकं वरून आत झुकलेली दिसतात, टायर आतून गेलेला दिसतो, आणि माणूस दोन्हींची सांगड घालतो. पण उणे दीड अंशाच्या आसपास कॅम्बर असलेली, टो बरोबर असलेली गाडी टायर बऱ्यापैकी सारखे झिजवते. आतली बाजू जरा लवकर जाते, पण पाच हजारात तार दिसत नाही. कॅम्बर फक्त वजन आतल्या कडेवर आणतो. त्या कडेला घासून काढतो तो टो.

आकड्यात सांगतो. टो म्हणजे चाक सरळ पुढं न बघता किंचित आत किंवा बाहेर बघतं. गाडी सरळ जाते, चाक मात्र तिरकं, म्हणजे टायर फिरता फिरता सतत थोडा आडवा घासला जातो. एका चाकाचा टो अर्धा अंश बिघडलेला असेल, तर दर किलोमीटरला तो टायर सुमारे ८.७ मीटर आडवा फरफटतो. पाच हजार किलोमीटरला हे होतात त्रेचाळीस किलोमीटरहून थोडे जास्त. त्रेचाळीस किलोमीटर टायर रस्त्यावर आडवा ओढत नेला आणि सगळं वजन आतल्या कडेवर असलं, तर तार दिसणारच.

‘पण पुढचा टो तर हिरवा आहे’, असं तुम्ही म्हणाल. मशिनवर, त्या क्षणी, रिकाम्या उभ्या गाडीत तो हिरवा आहे. रस्त्यावर तो तसाच राहतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर जुन्या टायरवरच लिहिलेलं असतं. टायर उतरवण्याआधी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढचा टायर बाहेर येईल. तळहात ट्रेडवर सपाट ठेवा आणि आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. (आतल्या कडेला तार असेल तिथं बोट नेऊ नका, तार सुईसारखी घुसते.) एका दिशेनं हात गुळगुळीत जातो आणि उलट्या दिशेनं करवतीच्या दातांवरून गेल्यासारखा अडतो, तर ती टोची खूण आहे. बाहेरून आत येताना हात अडत असेल तर चाक टो-आउट, म्हणजे तोंड बाहेर करून चाललंय. आतून बाहेर जाताना अडत असेल तर टो-इन. दोन्ही दिशांनी सारखंच लागत असेल आणि फक्त एक कड खाली गेली असेल, तर कॅम्बरकडं बघायचं. खाली केलेल्या गाड्यांच्या टायरवरून मी इतक्या वेळा असा हात फिरवलाय, की मशिन लावण्याआधीच बहुतेक अंदाज येतो, आणि बहुतेक वेळा तो टो-आउटच निघतो. तुमच्याही बाबतीत मला तेच वाटतं.

गाडी खाली गेली की अँगल का बदलतात, हे एकदा नीट डोळ्यांसमोर आणलं तर पुढचं सगळं सोपं जाईल. स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला, खालचं टोक नकलला (चाकाचा हब धरणारा भाग), आणि नकल खाली बॉल जॉइंटनं लोअर आर्मला (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा आडवा हात). वरचं टोक आतल्या बाजूला असतं, म्हणजे स्ट्रट शिडीसारखा तिरका उभा असतो. शिडीचा पाय भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर ठेवून वरचं टोक खाली आणलं तर शिडी जास्त तिरकी होते. गाडी ४० मिमी खाली बसते तेव्हा नेमकं हेच होतं. वरचं टोक बॉल जॉइंटपासून १३८ मिमी आत आणि ६०० मिमी वर आहे, आणि लोअर आर्म ३५० मिमी लांबीचा असून त्याचं बाहेरचं टोक ४० मिमी खाली झुकलेलं आहे असं धरून मी हिशेब मांडला. पहिल्या ४० मिमीला कॅम्बर सुमारे १.१ अंशानं उणे होतो. त्याखालच्या ४० मिमीला जेमतेम ०.८ आणि पुढच्या ४० ला ०.४. कारण पहिल्या टप्प्यात लोअर आर्म आडवा होईपर्यंत चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलतो, आणि आडवा होऊन वर गेला की तोच भाग आत ओढायला लागतो. म्हणून फार खाली केलेली स्ट्रटची गाडी उभी असताना कॅम्बर भरपूर दाखवते, पण वळणावर दबली की हवा तेवढा कॅम्बर मिळवत नाही. माझ्या मते रस्त्यावरच्या स्ट्रट गाडीसाठी २५ ते ३५ मिमी हीच शहाणी मर्यादा आहे.

म्हणजे तुमच्या गाडीचा कॅम्बर मूळचा उणे ०.४ च्या आसपास असेल, तर आता उणे दीडच्या जवळपास यायला हवा. तुमच्या दोन आकड्यांची सरासरी उणे १.४५ येते. म्हणजे कॅम्बर वाढला तो गाडी खाली गेल्यामुळं, आणि जेवढा वाढायला हवा तेवढाच वाढला. अडचण दोन बाजूंमधल्या अर्ध्या अंशाच्या फरकाची आहे. गाडी उजवीकडं जाते तीही बहुधा त्यामुळंच. गाडी नेहमी ज्या बाजूचा कॅम्बर कमी उणे असतो त्या बाजूला ओढते. याकडं परत येतो.

टो मात्र कॅम्बरपेक्षा कितीतरी नाजूक असतो. टाय रॉड चाकाला जिथं जोडतो तो स्टिअरिंग आर्म साधारण १२० मिमी लांब असतो. त्या टोकाला १ मिमी फरक पडला की चाक जवळपास अर्धा अंश फिरतं. एक मिमी! टाय रॉडच्या टोकाला दीड मिमीचे आटे असतील तर एक पूर्ण फेरा पाऊण अंशाच्या जवळ जातो. आता विचार करा, लोअर आर्म एका वर्तुळात वरखाली होतो आणि टाय रॉड दुसऱ्या. कंपनीनं मूळ उंचीला ही दोन वर्तुळं अशी जुळवलेली असतात की चाक वरखाली झालं तरी टो फारसा बदलत नाही. गाडी ४० मिमी खाली आणली की आपण त्या जुळलेल्या जागेपासून लांब उभे राहतो. मग चालक बसला, मागं दोघं बसले, खड्डा आला, ब्रेक लागला, की प्रत्येक वेळी टो थोडा हलतो. यालाच बंप स्टिअर म्हणतात. तुमची गाडी उंचसखल रस्त्यावर मनानं दिशा बदलते ती यानंच. आणि उभ्या गाडीत ०.१० आत दिसणारा टो माणसं बसल्यावर बाहेर गेलेला असू शकतो.

हे तपासता येतं, आणि कोणी तपासत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण दहा मिनिटांचं काम आहे. गाडी मशिनवर, चाकं टर्न प्लेटवर (चाक मोकळं फिरू देणाऱ्या तबकड्या), स्क्रीनवर टोचा चालू आकडा. पुढच्या क्रॉसमेंबरखाली जॅक लावून बॉडी १० मिमी उचला, आकडा लिहा, अजून १० मिमी उचला, परत लिहा. मग जॅक काढून, गाडी दोनचारदा दाबून, पुढं वजन ठेवून १०-२० मिमी दाबा आणि पुन्हा लिहा. दर १० मिमीला एका चाकाच्या टोत ०.०५ अंशाच्या आत बदल असेल तर मी गाडी तशीच सोडतो. ०.१५-०.२० बदलत असेल, तर नुसता टो लावून कितीही वेळा हिरवा केला तरी टायर जाणार. तिथं टाय रॉडचं बाहेरचं टोक खाली किंवा वर आणणारे बंप स्टिअर किट हा इलाज आहे. लांब दांड्याचे बॉल जॉइंट घालून लोअर आर्मचा कोन परत आणतात तेही चांगलं, पण ते घातले आणि टाय रॉड तसाच ठेवला, तर दोन वर्तुळांतली तफावत आणखी वाढते. ही दोन कामं जोडीनंच करायची.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती: बुश.

लोअर आर्मच्या बुशमध्ये आतली लोखंडी नळी, बाहेरची नळी आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीला पक्की होते. आर्म वरखाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. म्हणजे बोल्ट ज्या उंचीला आवळला, ती त्या बुशची आरामाची जागा. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळलेली, अशा अवस्थेत बोल्ट आवळला आणि मग गाडी खाली घेतली, तर बुश जन्मभर पिळलेलंच राहतं. ३५० मिमीच्या आर्मला ४० मिमी फरक म्हणजे साडेसहा अंशांचा पीळ. लोंबकळतं चाक १०० मिमी खाली असेल तर साडेसोळा. तेवढा पीळ रबर फार दिवस सहन करत नाही. आधी ते स्प्रिंगसारखं गाडी वर धरून ठेवतं, मग हळूहळू सैल पडतं, मग फाटतं. आणि प्रत्येक टप्प्यावर चाकाची जागा बदलते. फाटलेल्या बुशमुळं ब्रेक लावताना चाक मागं सरकतं आणि टो तिथंच बिघडतो.

एक गाडी आठवते. स्प्रिंग नव्या, अलाइनमेंट नवी, मालक वैतागलेला, कारण दर महिन्याला स्टिअरिंग वाकडं व्हायचं. मी गाडी चारही चाकांवर उभी करून रॅम्पखाली गेलो आणि डाव्या आर्मचा मागचा बोल्ट ढिला केला. ‘कट्’ असा आवाज आला आणि गाडीचा तो कोपरा माझ्या डोळ्यांदेखत खाली बसला. मोजला तर ७ मिमी. दुसरा बोल्ट ढिला केला, उजवा कोपरा ३ मिमी बसला. मशिनवरचा टो दोन्ही वेळा उडी मारून बदलला. तोवर त्या गाडीवर झालेली प्रत्येक अलाइनमेंट पिळलेल्या रबरावर केलेली होती. त्या दिवसापासून खाली केलेली गाडी आली की बुश मोकळे केल्याशिवाय मी मशिनचं क्लॅम्प हातात घेत नाही.

म्हणून तुमच्या गाडीचं काम या क्रमानं करून घ्या. आधी टायरमधली हवा चारही ठिकाणी बरोबर, मग खेळ तपासा: बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेअरिंग, स्ट्रटचं वरचं माउंट. कशातही खेळ असेल तर पुढं जाण्यात अर्थ नाही. मग उंची. उंची जमिनीपासून मोजू नका, कारण त्यात टायरची झीज आणि हवा दोन्ही येतात. हबच्या मध्यापासून वर चाकाच्या कमानीच्या कडेपर्यंत सरळ मोजा. डाव्या-उजव्यात ५ मिमीपर्यंत फरक मला चालतो. १० मिमी असेल तर स्प्रिंगचं टोक खालच्या खाचेत नीट बसलंय का बघा. ते अर्धा इंच अलीकडं बसलं तरी तो कोपरा वर राहतो. स्टॅबिलायझर बारची (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडी कलण्यापासून रोखणारी दांडी) एक लिंक सोडून बघा. लिंक सोडताच उंची बदलली, तर बार ताणाखाली होता.

मग बुश. गाडीचं वजन चाकांवर असताना, रॅम्पवर किंवा खड्ड्यावर उभी करून, लोअर आर्मचे, मागच्या सगळ्या लिंकचे आणि स्ट्रटला खाली बुश असेल तर त्याचेही बोल्ट ढिले करायचे. पूर्ण काढायचे नाहीत. गाडी पुढून-मागून चारपाच वेळा दाबायची, एखाद मीटर पुढं-मागं ढकलायची आणि त्याच अवस्थेत टॉर्क पान्यानं आवळायचे. रॅम्प नसेल तर हबखाली जॅक देऊन मोजलेली उंची आणून आवळता येतं, पण तेव्हा बॉडीखाली स्टँड हवाच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणी शिरू नये, कितीही घाई असली तरी. मागच्या मल्टिलिंकला एका बाजूला चारपाच लिंक आणि त्यांचे आठदहा बुश असतात, आणि स्प्रिंग बदलताना त्यांतला एखादाच सोडलेला असतो. बाकीचे मूळ उंचीलाच आवळलेले राहतात. माझ्या अंदाजानं तुमच्या मागच्या ०.१० आणि ०.६० मधला फरक यातच बराच कमी होईल.

आता कॅम्बरच्या त्या अर्ध्या अंशाकडं. बुश मोकळे करून आणि उंची जुळवूनही डावा जास्त उणे आणि उजवा कमी उणे राहिला, तर कॅस्टर स्वीप (स्टिअरिंग दोन्हीकडं वळवून घेतलेलं माप) करून एसएआय काढायला सांगा. एसएआय म्हणजे समोरून दिसणारा स्टिअरिंगच्या अक्षाचा झुकाव. त्यात कॅम्बर त्याच्या चिन्हासकट मिळवायचा. समजा डावा एसएआय १४.५ आणि उजवा १४.० आला. १४.५ मधून १.७ गेले, १२.८. १४.० मधून १.२ गेले, तेही १२.८. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली म्हणजे स्ट्रट आणि नकल सरळ आहेत, वाकलेलं काही नाही. बहुधा फक्त सबफ्रेम (लोअर आर्म ज्यावर बसतात ती चौकट) डावीकडं सरकलेली आहे. तुमच्या गाडीच्या हिशेबात २.५ मिमी सरकवली तर दोन्ही बाजू पाव-पाव अंशानं जुळतात. सबफ्रेमच्या बोल्टच्या भोकांत बहुतेक वेळा तेवढी जागा असते. बोल्ट ढिले करून पहारीनं हलकं रेटायचं आणि परत आवळायचे. स्टिअरिंगचा रॅक सबफ्रेमवर बसलेला असेल तर तोही सरकतो, म्हणून टो नंतरच बघायचा. पण बेरीज दोन बाजूंना वेगळी आली, तर ज्या बाजूची चुकली तिथला स्ट्रट किंवा नकल वाकलाय, आणि तो बदलण्याला पर्याय नाही. कॅम्बर बोल्ट घालून वाकलेला स्ट्रट लपवता येतो, सरळ होत नाही.

कॅम्बर बोल्ट वाईट नाहीत. कॅम्बर उणे २ च्या पुढं गेला असेल, किंवा बाकी सगळं सरळ असूनही थोडा फरक उरला असेल, तर मी स्वतः टाकतो. पण हा बोल्ट मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो आणि त्याला एका बाजूला उंचवटा असतो. धरून ठेवायचं काम घर्षणावर चालतं. जोराचा खड्डा लागला तर तो फिरू शकतो. म्हणून स्ट्रटला एकच घालायचा, दुसरा मूळचाच ठेवायचा, टॉर्क पान्यानं आवळायचा आणि वर रंगानं एक आडवी रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला असं समजायचं. आणखी एक: उणे वाढवायला हा बोल्ट वापरला तर टायरचा वरचा भाग स्ट्रटच्या जवळ येतो, रुंद टायर असेल तर घासतो. वरच्या कॅम्बर प्लेटनं स्ट्रट आणि चाक एकत्र झुकतात, तिथं ही अडचण येत नाही.

मग अलाइनमेंट. आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, मग पुढचा कॅस्टर आणि कॅम्बर, आणि सगळ्यात शेवटी पुढचा टो. कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून उलट क्रमानं केलेलं काम परत करावं लागतं. मागच्या चाकांना आधी हात लावायचा तो स्टिअरिंगसाठी. तुमचं उजवं मागचं चाक ०.६० आत आणि डावं ०.१० आत, म्हणजे मागची जोडी मिळून गाडीला ०.२५ अंश डावीकडं ढकलते. याला थ्रस्ट अँगल म्हणतात. गाडी सरळ न्यायची तर पुढची चाकंही तेवढीच डावीकडं वळवून धरावी लागतात, आणि स्टिअरिंगचं प्रमाण १६ ला १ धरलं तर स्टिअरिंग ४ अंश वाकडं दिसतं. पुढचा टो गाडीच्या मधल्या रेषेवरून लावला तर हे वाकडेपण कधीच जाणार नाही. स्टिअरिंग उतरवून एक दात फिरवून सरळ बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. स्टिअरिंग सरळ दिसेल, मागचं चाक तिरकंच राहील.

आकडे कोणते ठेवावेत? कंपनीचा हिरवा पट्टा मूळ उंचीसाठी असतो, खाली केलेल्या गाडीचा कॅम्बर त्यात न बसणं साहजिक आहे. टोचा पट्टा मात्र मी पाळतो. रोज चालणाऱ्या अशा गाडीला मी पुढं कॅम्बर उणे १.० ते उणे १.५, दोन बाजूंतला फरक ०.३ च्या आत, पुढचा एकूण टो शून्य ते ०.१० आत ठेवतो. मागं कॅम्बर उणे १.२ ते उणे १.८ आणि एकूण टो ०.१५ ते ०.३० आत, दोन्ही चाकांना सारखा वाटलेला. मागचा टो बाहेर कधीच ठेवू नका. ओल्या रस्त्यावर अचानक लेन बदलताना मागची बाजू सुटते. गाडीत बहुतेक वेळ तुम्ही एकटे असाल तर माप घेताना चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं वजन ठेवायला सांगा. हे काही फाजील लाड नाहीत. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलना अलाइनमेंट सीटवर आणि डिकीत वजन ठेवूनच करायची असते.

मागच्या टोला किंवा कॅम्बरला समायोजनाचा बोल्टच नसेल, तर लांबी कमीजास्त करता येणाऱ्या लिंक घ्याव्या लागतील. मागं टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी एक आडवी तुळई) असलेल्यांना ही डोकेदुखी जवळजवळ नसते, कारण गाडी खाली गेली तरी बीमच्या चाकांचे अँगल फारसे हलत नाहीत. बिघडलेच तर हबमागं पाचर घालून दुरुस्त होतात. सलग अॅक्सल आणि पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला आडवं धरून ठेवणारी दांडी) असेल तर अॅक्सल एका बाजूला सरकतो, आणि एका बाजूचं चाक कमानीच्या बाहेर, दुसरं आत दिसतं. तिथं कमीजास्त होणारा रॉड हवा.

काम झाल्यावर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर घ्यायला विसरू नका. हेडलाइटचा झोत तपासा. पुढं कॅमेरा किंवा रडार असेल तर उंची बदलल्यावर त्याचंही कॅलिब्रेशन लागतं.

नव्या टायरवर पाचशे किलोमीटर चालवा आणि परत मोजा, कारण नव्या स्प्रिंग आणि मोकळे केलेले बुश तेवढ्यात आपली जागा घेतात. त्या वेळी ट्रेडची खोली गेजनं तीन ठिकाणी लिहून ठेवा: आत, मध्ये, बाहेर. दोन हजार किलोमीटरला पुन्हा मोजा आणि तळहात आडवा फिरवून बघा. आत आणि बाहेरच्या घटीत ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल आणि बाहेरून आत येताना हात अजून अडत असेल, तर अलाइनमेंट पुन्हा करायला जाऊ नका; जॅक लावून वर सांगितलेली १०-१० मिमीची ती तपासणी करून घ्या आणि आलेले आकडे मला पाठवा.